चाँद दिसण्याआधीचे हिशेब

रमजान तोंडावर आला की गावातल्या कुणालाही, तो कुठल्याही धर्माचा असो, ते कळतेच. मशिदीच्या भिंतींना रंग लागतो, वजूखान्याच्या गळक्या तोट्या बदलल्या जातात, फळवाल्याच्या गाड्यावर खजुराची खोकी दिसू लागतात. दुकानदाराच्या जाहिरातीसह छापलेले सहेरी-इफ्तारचे वेळापत्रक घराघरात दाराच्या मागे चिकटते. बेसन, साखर, सरबताच्या बाटल्या आणि शेवया यांनी किराण्याची यादी लांबते. हौशी मंडळी ईदच्या कपड्यांसाठी आतापासूनच शिंप्याकडे मापे देऊन ठेवतात.

या तयारीत गैर काही नाही. सण आला की घर सजतेच. पण रमजान हा सण नाही, सण त्याच्या शेवटी येतो. रमजान हा महिनाभराचा सराव आहे, आणि त्यासाठी माणसाने आतून तयार व्हावे म्हणून इस्लामी परंपरेने त्याच्या आधीचा अख्खा महिना मोकळा ठेवला आहे. तो महिना म्हणजे शाबान, हिजरी वर्षाचा आठवा महिना.

रजब या मानाच्या महिन्यात आणि रमजानमध्ये अडकलेला शाबान लोकांच्या दुर्लक्षात जातो, अशी खंत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपला तरुण साथीदार उसामा यांच्यापाशी बोलून दाखवली होती. हजरत आयेशा (र.) यांनी सांगून ठेवले आहे की रमजान सोडला तर प्रेषितांनी शाबानइतके रोजे दुसऱ्या कुठल्याही महिन्यात धरले नाहीत. मात्र रमजान लागण्याच्या आदल्या एक-दोन दिवशी, एरवीची सवय नसताना, केवळ उत्साहापोटी रोजा धरू नये असेही त्यांनीच बजावले. तयारी करायची, पण दमून दारात पोहोचायचे नाही. जुन्या काळी शाबानला कुरआन वाचणाऱ्यांचा महिना म्हणत. आजही तरावीहच्या नमाजमध्ये कुरआनचे तीसही पारे तोंडपाठ ऐकवणारे हाफिज याच दिवसांत कोपऱ्यात बसून रोज एक-दोन पारे घोकताना दिसतात.

शरीराची तयारीही याच महिन्यात होते. पहिल्या दोन-तीन रोज्यांत डोके दुखते त्याला भुकेपेक्षा सुटलेला चहा जास्त जबाबदार असतो. ज्याला तासातासाला तंबाखूची पुडी लागते त्याने ती शाबानमध्येच कमी करावी. मधुमेहाच्या रुग्णाने गोळ्या किंवा इन्सुलिनचे वेळापत्रक डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावे, सहेरीनंतर नव्हे. आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत कुरआननेच दिली आहे. ती नाकारून रुग्णालय गाठणे ही भक्ती नव्हे. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येत असल्याने दहावी-बारावीच्या परीक्षाही त्यातच सापडतात. घरच्यांनी मुलांशी याविषयी आताच बोललेले बरे.

शाबानची पंधरावी रात्र म्हणजे शबे-बारात. ती मात्र सगळ्यांना माहीत असते. त्या रात्री घराघरात रव्याचा किंवा हरभऱ्याच्या डाळीचा हलवा होतो, पुरुष कब्रस्तानात जाऊन वाडवडिलांसाठी दुआ करतात, मशिदी रात्रभर उघड्या राहतात. या रात्रीच्या खास नमाजींबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि ते राहतील. ज्यावर कुणाचाच मतभेद नाही अशी एक गोष्ट आहे. एका मोटारसायकलवर तिघे बसून, सायलेन्सर काढून मध्यरात्री गावभर घिरट्या घालणाऱ्या पोरांच्या खात्यावर त्या रात्री पुण्य जमा होत नाही. शेजाऱ्यांची झोपमोड तेवढी होते.

आता मूळ मुद्द्याकडे. रोज्यांचा हुकूम हिजरी सन २ मध्ये, म्हणजे इ.स. ६२४ मध्ये, मदिनेत आला. तो कुरआनच्या दुसऱ्या अध्यायात, सूरह बकराच्या १८३ ते १८७ या आयतींत आहे. रोजा कशासाठी, याचे उत्तर पहिल्याच आयतीत मिळते. तकवा यावा म्हणून, म्हणजे ईश्वर पाहतो आहे याची जाणीव ठेवून माणसाने स्वतःला वाईटापासून राखावे म्हणून. पुढे आजारी आणि प्रवासी यांच्या सवलती येतात, पहाटेपासून सूर्यास्तापर्यंतचे नियम येतात. रमजानमध्ये या आयती जवळजवळ प्रत्येक मशिदीत समजावून सांगितल्या जातात. पण समजावणारे बहुतेक वेळा १८७ वर थांबतात.

१८८ वी आयत रोज्याची नाही असे वरवर वाटते. तिच्यात एकमेकांची मालमत्ता अन्यायाने गिळू नका आणि जाणूनबुजून दुसऱ्याचा वाटा लाटण्यासाठी हाकिमांपर्यंत पैसे पोहोचवू नका, असे सांगितले आहे. पहाटे ते सूर्यास्त स्वतःच्या कष्टाची भाकरीही खाऊ नका, या हुकमाच्या शेजारीच दुसऱ्याचे कधीच खाऊ नका हा हुकूम आहे. महिनाभर हलालही बाजूला ठेवायला शिकलेल्या माणसाने अकरा महिने हरामकडे हात नेऊ नये, असा या दोन हुकमांचा सरळ संबंध अनेक भाष्यकारांनी लावला आहे.

प्रेषितांनी एकदा साथीदारांना विचारले की दिवाळखोर कोण? ज्याच्याकडे पैसा नाही, सामान नाही तो, असे त्यांनी उत्तर दिले. प्रेषितांनी सांगितले ते वेगळेच होते. खरा दिवाळखोर तो, जो न्यायाच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात यांचा मोठा साठा घेऊन येईल, पण कुणाला शिवी दिलेली असेल, कुणावर आळ घेतलेला असेल, कुणाचे पैसे खाल्लेले असतील, कुणाला मारलेले असेल. मग ते सगळे येणेकरी पुढे येतील आणि त्याचे पुण्य त्यांच्यात वाटले जाईल. पुण्य संपले तर त्यांची पापे याच्या डोक्यावर टाकली जातील. सहीह मुस्लिम या हदीस संग्रहातला हा प्रसंग आहे. बाजारपेठेच्या गावात राहणाऱ्याला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. गल्ल्यात रोकड दिसते आणि वहीत देणे त्याहून मोठे असते, अशी दुकाने प्रत्येकाने पाहिलेली असतात.

तेराव्या शतकातले इमाम नववी यांनी ‘रियाजुस्सालिहीन’ या आपल्या ग्रंथात तौबाच्या, म्हणजे पश्चात्तापाच्या, अटी दिल्या आहेत. पाप सोडणे, त्याची खंत वाटणे, पुन्हा न करण्याचा निश्चय करणे, या तीन अटी अल्लाह आणि बंदा यांच्यातल्या. पण पापात दुसऱ्या माणसाचा हक्क अडकला असेल तर चौथी अट लागू होते. ज्याचे त्याला परत करायचे. ही चौथी अट रात्रभर नफील नमाज पढून पुरी होत नाही. त्यासाठी दिवसाउजेडी कुणाच्या तरी दारात जावे लागते.

शाबान त्यासाठीच आहे असे म्हटले तर चूक होणार नाही. आणि म्हणून या महिन्याचा पहिला हिशेब उधारीचा. किराणा दुकानातली वही, दूधवाल्याचे थकलेले दोन महिने, मित्राकडून ‘पुढच्या महिन्यात देतो’ म्हणून घेतलेले आणि तीन वर्षे झालेले पैसे, कामगाराची अडकवून ठेवलेली मजुरी. मरणाऱ्यावर कर्ज असेल आणि ते फेडायला त्याने मागे काही ठेवलेले नसेल, तर प्रेषित सुरुवातीच्या काळात स्वतः त्याच्या जनाजाची नमाज पढवत नसत. एकदा असे झाले तेव्हा अबू कतादा या साथीदाराने ते कर्ज आपल्या अंगावर घेतले, मगच नमाज झाली. याउलट ज्याचे येणे आहे त्यालाही सांगणे आहेच. देणेकरी अडचणीत असेल तर मुदत द्या, आणि सोडून दिले तर अधिक चांगले, असे कुरआन सांगतो. जकात कुणाला द्यावी याची जी आठ नावे कुरआनमध्ये आहेत त्यांत कर्जात बुडालेला माणूस आहे. जकात बहुतेक लोक रमजानमध्ये काढतात. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी शिल्लक वर्षभर असेल त्याने अडीच टक्के द्यायचे, हा हिशेब अनेकांना तोंडपाठ असतो. पण आधी देणे वजा करून, येणे धरून नीट कागदावर मांडायला दोन निवांत संध्याकाळी लागतात. त्या रमजानच्या शेवटच्या आठवड्यातल्या गर्दीत मिळत नाहीत.

दुसरा हिशेब याहून जड आहे, आणि त्याबद्दल जुमाच्या बयानमध्ये फारच थोडे ऐकायला मिळते. तो बहिणीच्या हिश्शाचा.

वारसाहक्काच्या आयती कशा प्रसंगी आल्या ते हदीस ग्रंथांत नोंदलेले आहे. उहुदच्या लढाईत, हिजरी सन ३ मध्ये, साद बिन रबी हे साथीदार शहीद झाले. त्यांची पत्नी दोन मुलींना घेऊन प्रेषितांकडे आली. मुलींच्या काकांनी सगळी मालमत्ता ताब्यात घेतली होती, आणि हातात काही नसताना या मुलींची लग्ने व्हायची कशी, हा तिचा प्रश्न होता. त्यानंतर सूरह निसाच्या आयती आल्या. प्रेषितांनी त्या काकांना बोलावून सांगितले की दोन तृतीयांश मुलींना द्या, आठवा हिस्सा त्यांच्या आईला द्या आणि उरेल ते तुमचे. ज्या समाजात लढाईवर जाणारा तोच वारस मानला जाई, तिथे हा निकाल लागला. आई-बापांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेत पुरुषांचा वाटा आहे तसा स्त्रियांचाही आहे, मग ती थोडी असो वा फार, असे त्याच सूरहमध्ये आधी सांगितलेले आहे.

चौदाशे वर्षांनंतर गावोगावच्या मुस्लिम घरांत काय चालते? बाप गेला की चाळिसाव्यानंतर काही दिवसांतच भाऊ तलाठ्याकडे वारस नोंदीला जातात. मग बहिणींना बोलावणे जाते. जेवण चांगले होते, साडी किंवा ड्रेस होतो, आणि निघताना एका कागदावर सही किंवा अंगठा होतो. हक्कसोड पत्र. बहीण सही करते, कारण केली नाही तर माहेर तुटेल. नवऱ्याशी बिनसले तर, आजारपण आले तर, जायचे कुठे? ईदला भाऊ न्यायला आला नाही तर सासरी काय सांगायचे? या भीतीपोटी झालेल्या सहीला भाऊ ‘तिने खुशीने माफ केले’ असे म्हणतो आणि पहिल्या सफमध्ये नमाजला उभा राहतो.

हिंदू वाचकांना हे सारे ओळखीचे वाटेल. कायदा वेगळा, पण तलाठी कार्यालयाची पायरी एकच. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला मुलाच्या बरोबरीने वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला. तरीही भाऊबीजेची ओवाळणी घालून सही घेणारे भाऊ संपलेले नाहीत. इस्लाममध्ये मुलीला मुलाच्या निम्मे का, हा वाद जुना आहे आणि तो मोकळेपणाने व्हायला हवा. पण निम्म्यावर वाद घालणाऱ्यांनी आणि निम्म्याचे समर्थन करणाऱ्यांनीही हे पाहावे, की अनेक घरांत मुलीच्या हातात ते निम्मेसुद्धा पडत नाही. शरीयतमध्ये ढवळाढवळ नको म्हणून मोर्चे निघतात. त्याच शरीयतने बहिणीला दिलेला वाटा भाऊच अडवतो, त्याविरुद्ध मोर्चा निघत नाही.

सबबी ठरलेल्या असतात. तिच्या लग्नात एवढा खर्च केला, ही पहिली. लग्नातला खर्च किंवा भेटवस्तू म्हणजे वारसा नव्हे, हे उलेमा स्पष्ट सांगतात. बाप जिवंत असताना वारसा उघडतच नाही. दुसरी सबब, तिने तोंडाने नको म्हटले. यावर अनेक मुफ्तींचे म्हणणे असे की आधी तिचा हिस्सा वेगळा काढून तिच्या ताब्यात द्यावा. मग तिने काही दिवसांनी, दबावाशिवाय, परत दिला तर ती तिची देणगी. न दिलेल्या गोष्टीची माफी कसली? तिसरी सबब शेतीची. १९३७ च्या शरीयत कायद्याच्या दुसऱ्या कलमात शेतजमीन वगळलेली आहे हे खरे, आणि शेतीच्या बाबतीत वकिलाला विचारूनच पुढे जावे. पण ती पळवाट कायद्यातली आहे. कुरआनच्या आयतीत घर आणि शेत असा फरक नाही.

हिशेब तसा अवघड नाही. मयताचा दफनविधीचा खर्च, मग त्याचे कर्ज, मग मृत्युपत्र केले असेल तर एक तृतीयांशाच्या मर्यादेत त्याची पूर्तता, आणि उरलेले वारसांना. समजा कर्ज वगैरे जाऊन ४० लाखांचे घर उरले आणि मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी आहे. पत्नीचा आठवा हिस्सा ५ लाख. राहिलेल्या ३५ लाखांचे पाच भाग, त्यातले दोन-दोन मुलांचे, एक मुलीचा. म्हणजे मुलगे १४-१४ लाख, मुलगी ७ लाख. घर विकणे शक्य नसेल तर भावांनी हप्ते ठरवावेत, कागद करावा, पहिला हप्ता शाबानमध्ये द्यावा. बहिणीच नव्हे, तर विधवा आईचा आठवा हिस्साही बहुतेक घरांत ‘आईचे काय वेगळे’ म्हणून गडप होतो. आणि कर्ज म्हणताना त्यात न दिलेला मेहरही येतो. जनाजा दारात असताना बायाबापड्यांनी विधवेला घेरून ‘माफ केला म्हण’ असे वदवून घेण्याची जी रीत काही ठिकाणी अजून आहे, तिला धर्माचा कुठलाही आधार नाही. दुःखात बुडालेल्या बाईकडून वसुलीची पावती फाडून घेण्यासारखा तो प्रकार आहे.

तिसरा हिशेब अबोल्याचा. दोघा भावांनी तीन दिवसांपेक्षा अधिक अबोला धरू नये, आणि जो आधी सलाम करील तो दोघांत चांगला, असे प्रेषितांनी सांगितले आहे. शबे-बारातच्या आधी मोबाईलवर एक मजकूर फिरतो. कळत-नकळत मन दुखावले असेल तर माफ करा, अशा अर्थाचा. तो दोनशे जणांना एकाच वेळी जातो. त्या यादीत ज्यांच्याशी कधी भांडण झालेच नाही असे शाळेतले मित्र असतात, व्यापारी गटातले सदस्य असतात. नालीच्या पाण्यावरून ज्याच्याशी सात वर्षे बोलणे बंद आहे तो शेजारी नसतो, आणि असला तरी त्याला असा घाऊक मजकूर मिळून त्याचे समाधान होत नाही. हा शेजारी मुसलमानच असला पाहिजे असेही नाही. शेजाऱ्याच्या हक्कावर इस्लामने जेवढा भर दिला आहे त्यात त्याचा धर्म विचारलेला नाही. मशिदीच्या विश्वस्तांमधली भांडणे हा तर वेगळाच विषय. एका मशिदीत दोन गट आणि दोन्ही गटांची स्वतंत्र इफ्तार पार्टी, तिथे पुढाऱ्यांची स्वतंत्र छायाचित्रे, असे चित्र ज्या गावात असेल त्या गावाने शाबानमध्ये आधी ती बैठक घ्यावी.

आणि या सगळ्यांत एक हिशेब असा, जो घरातल्या पुरुषांना सहसा माहीतही नसतो. मासिक पाळी, बाळंतपण, अंगावर पाजणे यामुळे सुटलेले रोजे स्त्रिया पुढे वर्षभरात भरून काढतात. ते कजा रोजे. हजरत आयेशा (र.) स्वतः सांगतात की कामाच्या व्यापात त्यांचे गेल्या रमजानचे कजा रोजे शाबानमध्येच पूर्ण होत. आजही शाबानच्या शेवटच्या पंधरवड्यात कित्येक घरांत सून किंवा मुलगी गुपचूप रोजा धरून असते. घरात बाकी कुणाचा रोजा नाही, म्हणून दुपारी सगळ्यांचे जेवण तीच वाढते, चहा तीच करते, आणि संध्याकाळी ओट्याजवळ उभ्याउभ्या एका खजुरावर रोजा सोडते. विषय बायकांचा म्हणून ती बोलत नाही आणि कुणी विचारत नाही. पुढे रमजानात हेच वाढत जाते. पहाटे तीनला उठून सहेरी, दुपारपासून भजी-समोसे-फ्रूट चाट, तरावीहहून आलेल्यांचे जेवण, रात्री अकराला भांडी. पुरुषांना महिन्याभरात कुरआन एकदा पूर्ण ऐकायला मिळतो, तिला एक पारा निवांत वाचायला मिळत नाही. प्रेषित घरी असताना घरच्यांच्या कामाला हातभार लावत, हेही हजरत आयेशा यांनीच सांगितलेले आहे.

या तयारीला पैसा लागत नाही. इफ्तारला तळलेले पदार्थ तीनऐवजी एक, सहेरीची भांडी मुलांनी घासायची, रात्रीचा चहा ज्याला हवा त्याने करायचा, आणि ज्यांचे कजा रोजे राहिले असतील त्यांना शाबानमधले उरलेले दिवस स्वयंपाकातून सुटी. घरातल्या कर्त्या माणसाने एका जुम्याला नमाजहून आल्यावर सगळ्यांना बसवून हे ठरवले तर अर्ध्या तासाचे काम आहे. त्याच बैठकीत बहिणीला फोन लावता येईल. शाबानच्या २९ तारखेला मगरिबनंतर लोक गच्चीवर आणि मैदानात चाँद बघायला जमतील. तोवर मध्ये दोन-तीन जुमे आहेत.